झाली का?

कॅन्सरच्या वॉर्डात पेशंटच्या चेहऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे. पहाटे सिस्टर येतात, काखेत थर्मामीटर खुपसतात, दंडाला बीपीचा पट्टा आवळतात आणि विचारतात, "काका, झाली का?" थोड्या वेळानं मावशी येतात, कॉटखाली फडकं फिरवता फिरवता त्याही विचारतात. मग निवासी डॉक्टर. वय इतकं कोवळं, की स्वतःच्या वडिलांजवळ हा विषय त्यानं कधी काढला नसणार. तो फाइलीत डोकं घालून पुटपुटतो, "मोशन?" शेवटी मोठे डॉक्टर लवाजम्यासह येतात आणि साताठ तरुण-तरुणींच्या साक्षीनं पुन्हा तोच प्रश्न. मी नाही म्हणून मान हलवली की सगळे एकदम काहीतरी लिहून घेतात. माझी उभी नोकरी सरकारी खात्यात गेली, पण माझ्या एका नकाराची इतक्या कागदांवर नोंद झालेली मी तिथे पाहिली नाही.

मला झाला तो लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. 'आनंद' चित्रपटातल्या राजेश खन्नाचा आजार याच घराण्यातला, आतड्याचा लिम्फोसार्कोमा. १९७१ सालच्या त्या चित्रपटानं आमच्या अख्ख्या पिढीला कॅन्सर शिकवला आणि साफ चुकीचा शिकवला. आनंद हसतो, गातो, अनोळखी माणसांच्या पाठीत थापा मारतो, आणि आजार आतड्याचा असूनही पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत त्याला कुणीही "झाली का?" म्हणून विचारत नाही. हृषीकेश मुखर्जींनी तेवढं एक दृश्य घातलं असतं, तर मी जरा तयारीनं दाखल झालो असतो.

वास्तविक माझं पोट बंद पाडण्यात आजाराचा काही हात नव्हता. ते काम औषधाचं. मला दिलेल्या औषधांत व्हिनक्रिस्टीन नावाचं एक आहे आणि ते सदाफुलीपासून काढतात. हो, तीच सदाफुली. कुंपणाला, गटाराच्या कडेला, कुणी न लावता उगवणारी आणि शेळीही जिला तोंड लावत नाही ती. पेशी दुभंगताना तिच्या आत जे बारीक धागे तयार व्हावे लागतात, ते हे औषध होऊ देत नाही. कॅन्सरच्या पेशी त्यामुळे जागच्या जागी अडकतात. पण तसलेच धागे मज्जातंतूंमध्येही असतात, म्हणून बोटांची टोकं बधिर होतात, शर्टाचं बटण लागता लागत नाही आणि आतडी संपावर जातात.

ही माहिती बायकोनं भाबडेपणानं नागपूरच्या आत्याबाईंना फोनवर सांगितली. दोनच दिवसांत त्यांच्या ओळखीतला एक मुलगा सदाफुलीच्या पानांची पिशवी घेऊन वॉर्डाच्या दारात हजर. "आत्यांनी सांगितलंय, रोज सकाळी अनशापोटी पाच पानं चावायची. औषध तेच, आणि फुकट." मी त्याला समजावलं, की एक ग्रॅम व्हिनक्रिस्टीन काढायला शेकडो किलो पानं लागतात, शिवाय पानांत नको ती विषंही असतात. त्यानं हातातल्या पिशवीचं वजन अजमावलं आणि म्हणाला, "मग अजून आणू का?"

बाकीची औषधंही अशीच कुठून कुठून आलेली. डॉक्सोरुबिसिन लालभडक दिसतं. दक्षिण इटलीत तेराव्या शतकातल्या एका किल्ल्याजवळची माती १९५० च्या दशकात तपासली, तिच्यात सापडलेल्या जिवाणूच्या वंशातून ते निघालं. इटोपोसाइडचा उगम ज्या वनस्पतीच्या मुळात, तिची एक जात आपल्या हिमालयातही उगवते. सायक्लोफॉस्फमाइड तर थेट लढाईतल्या मस्टर्ड वायूच्या खानदानातलं. २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर हल्ला केला. तिथल्या एका अमेरिकी जहाजात या वायूचे बॉम्ब गुपचूप भरून ठेवलेले होते. त्याची बाधा झालेल्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या डॉक्टरांना दिसल्या. येल विद्यापीठात आदल्या वर्षीच याच्या भावंडाचा प्रयोग लिम्फोमाच्या एका रुग्णावर झालेला होता. तो किल्ला आणि हे बंदर इटलीच्या एकाच प्रांतातले. दोघांची गाठ पडली ती पुण्यात, माझ्या शिरेत.

आणि रिटुक्सिमॅब. हे प्रतिपिंड आहे. त्यातला कॅन्सरची पेशी नेमकी पकडणारा भाग उंदराचा आणि बाकीचा माणसाचा. ते पहिल्यांदा चढवतात तेव्हा पुष्कळांना हुडहुडी भरते. मला अशी भरली की कॉट वाजायला लागली. बायको माझ्यावर ब्लँकेटं टाकत घाबऱ्या आवाजात "काय दिलंत तुम्ही यांना?" म्हणून ओरडली. रात्रपाळीच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "होतं असं. उंदराचं औषध आहे ना." पुढची काही मिनिटं माझ्या थंडीपेक्षा बायकोचा पारा ही जास्त गंभीर बाब झाली. डॉक्टरांनी येऊन खुलासा केला तेव्हा कुठे ती खाली बसली. आमच्याकडे गणपती बसतो, त्यामुळे उंदराबद्दल घरात आदर आहे. पण आजवर तो पाटाखाली बसायचा.

ही सगळी मंडळी शिरेतून आत जातात ती थेंबाथेंबानं. यांतली तीन एकाच पिशवीत मिसळून सलग ९६ तास पंपानं द्यायची, मग बाकीची, आणि तीन आठवड्यांनी हाच खेळ पुन्हा. पंप एका स्टँडवर, स्टँड मला जोडलेला. स्टँडच्या चाकांपैकी एक कायम रुसलेलं असतं, संडासाचा उंबरठा आला की ते हमखास अडतं. पंपाला सांगायचं खूप असतं: नळीत हवा आली, नळी दुमडली, बॅटरी उतरली, पिशवी संपली. त्याच्याकडे शब्द मात्र एकच, पीं पीं. रात्री एक पंप ओरडला की अख्खा वॉर्ड जागा होऊन आपापल्या पंपाकडे संशयानं बघतो. सिस्टर मात्र टेबलावरूनच सांगतात, "काका, हात सरळ करा." हात सरळ केला की पंप गप्प. मुलं लहान असताना त्यांचं रडणं मला इतकं अचूक कधी ओळखता आलं नव्हतं.

सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाला झोंबतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं आणि आत गेलेलं तितकंच बाहेर येतंय ना ते मोजायचं. इथे मात्र मी घरच्या मैदानावर होतो. पाटबंधारे खात्यात धरणात पाणी आलं किती, कालव्यात सोडलं किती, याचेच तक्ते मी जन्मभर भरले. कॉटच्या पायथ्याशी आवक-जावकेचा कागद लटकलेला बघून मला भरून आलं. आवकेचे रकाने बायकोनं घेतले: चहा १५० मिली, पेज २०० मिली, शहाळं, त्यातली मलई वजा. मऊ भातातलं पाणी आवकेत धरायचं की नाही यावर तिचा आणि आहारतज्ज्ञ मुलीचा वाद तीन पाळ्या चालला. विसर्ग माझ्याकडे. डॉक्सोरुबिसिनमुळे तो केशरी व्हायचा. आधीच बजावून ठेवलं होतं म्हणून ठीक, नाहीतर मी तिथेच मृत्युपत्र करायला घेतलं असतं. तक्त्यात बाष्पीभवनाचा रकाना नाही हे माझ्या लक्षात आलं. मध्यरात्री मी सिस्टरना हाक मारून विचारलं, की घामाचा हिशेब कुठे मांडता? सिस्टर म्हणाल्या, "काका, झोपा."

उलटीची धास्ती मला सगळ्यांत मोठी होती. पण तिच्यावर आता औषधं आहेत. ऑन्डानसेट्रॉनला १९९१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच्या आधी केमो घेतलेल्या माणसांच्या आठवणी ऐकाव्यात, म्हणजे या गोळीला हळदकुंकू वाहावंसं वाटतं. आतड्यातून सेरोटोनिनचा जो सांगावा मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला जातो, तो ती वाटेत अडवते. उलटी थांबते. पण आतड्याला हलवायचं कामही सेरोटोनिनकडेच, म्हणून आधीच संपावर असलेली आतडी आता टाळेबंदी जाहीर करतात. मग रात्री जुलाबाचं सिरप. सिरपनं एकदा मनावर घेतलं की जुलाब थांबवायची गोळी. त्या गोळीनं मनावर घेतलं की सकाळी मावशी फडकं फिरवता फिरवता विचारतात. तिकडे स्टेरॉइडनं साखर चढते, तिला इन्सुलिन. स्टेरॉइडनंच पित्त होतं, त्याला रिकाम्या पोटी आणखी एक गोळी. झोप उडते, तिला अर्धी गोळी. खात्यात असताना शासन निर्णयाला शुद्धिपत्रक, शुद्धिपत्रकाला पुरवणी आणि पुरवणीला खुलासा अशी माळ मी अनेकदा फाइलीत ओवली आहे. तीच आता कागदी द्रोणात घालून माझ्यापुढे येत होती.

स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन. हे प्रकरण निराळंच. लिम्फोमाच्या पेशी ते स्वतः मारतं, म्हणून डोस भरभक्कम. ते घेतल्यावर माणसाला भूक लागते ती रीतसर लागत नाही, अंगावर येते. सकाळी माझा उपमा संपवून मी बायकोच्या उपम्याकडे बघायचो, आणि तिनं पुढे केला की शेजारच्या कॉटच्या उपम्याकडे. पण दिवसाचं काही नाही, खरी करामत रात्रीची. दोन वाजले की मला सगळं लख्ख दिसायला लागायचं. जगातला एकही प्रश्न असा नव्हता की जो मला त्या वेळी सुटला नसता. एका रात्री मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा नवा आराखडा केला, कलमं-उपकलमांसकट, पाहुण्यांच्या गाड्यांच्या पोटनियमासह, आणि तीनच्या सुमाराला तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाही. आजाराचं आम्ही सोसायटीत कुणाला सांगितलेलं नव्हतं; अधिकृत निवेदन असं होतं की काका गावी गेले आहेत. गावी गेलेला माणूस पहाटे तीनला दुचाकींच्या तिरक्या रांगांचा विचार का करतोय, असा प्रश्न कुणाला पडला नाही. सोसायटीत मी तसाच प्रसिद्ध असणार. सहा वाजता चेअरमननी अंगठा दाखवला, तेवढाच.

मरणाची भीती रात्री तीनला येते असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. आली असेलही. पण त्या वेळी मी कामात होतो. आणि दिवसा यावं म्हटलं तर दिवसा कधी उचकी, कधी पंप, कधी सिरप. मोठ्या भीतीला रिकामी खुर्चीच मिळत नाही. दाखल व्हायच्या आधी घरी बसून वाट बघताना मात्र ती रोज यायची, चहा घेऊन जायची. साइड इफेक्टांबद्दल चांगलं बोलावं असं एवढंच मला सापडलं आहे, आणि तेही ते सोसून झाल्यावर सुचलं. (ज्याला प्रेडनिसोलोन दिवसातून दोनदा असेल त्यानं डॉक्टरांना विचारून दुसरा डोस दुपारी चारच्या सुमाराला मागून घ्यावा. झोप थोडी बरी लागते आणि सोसायटीतले संबंध टिकतात.)

उचकी म्हणालो. स्टेरॉइडमुळे उचक्या लागतात, आणि त्या जास्त करून पुरुषांना, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. आमच्या घरात ठाऊक होतं ते असं, की उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. बायकोनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. थोरले दादा? उचकी चालू. पुण्यातल्या वन्सं? चालू. नाशिकचे मामा, जे वारले आहेत? हे नाव घेताना तिचा आवाज जरा बदलला, आणि मला खरोखर भीती वाटली ती तेव्हा. नावं संपली, तरी उचकी थांबेना. मग शाळेतल्या मैत्रिणींची चौकशी सुरू झाली. तोवर निवासी डॉक्टर आला, त्यानं एक गोळी लिहिली आणि आठवण काढणारे सगळे अर्ध्या तासात गप्प झाले. चौकशी मात्र पुढे काही दिवस चालली.

त्याच निवासी डॉक्टरनं मला एक गंमत सांगितली. केमोच्या दुष्परिणामांना श्रेणी देण्याचा एक तक्ता अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं केला आहे आणि जगभरचे डॉक्टर तो वापरतात. श्रेणी एक ते पाच. उचकीलाही श्रेणी आहेत. झोप मोडत असेल तर तिसरी. माझी तिसरी निघाली. केस जाण्याला फक्त दोन, अर्ध्याहून कमी गेले तर पहिली आणि अर्धे किंवा अधिक गेले तर दुसरी. पोटातल्या वायूलाही दोनच. तिसरीपर्यंत तो कुणाचा जाऊ शकत नाही असं त्या तज्ज्ञांचं मत दिसतं. त्यांनी आमचा वॉर्ड पाहिलेला नाही. पाचवी श्रेणी जिथे असते तिथे एकच, मृत्यू. ती मिळाली की पुढचे फॉर्म भरावे लागत नाहीत. हा तक्ता कळल्यापासून वॉर्डात दहावीच्या निकालाचं वातावरण झालं. "तुमचं तोंड कितवं?" "दुसरं. पण डॉक्टर म्हणतात, उद्या तिसरं येईल."

तोंडात तिसरी श्रेणी होती ती शेजारच्या कॉटवरच्या आबांची. आबा करवीर तालुक्यातले. तोंडाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं, आणि केमो भरभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडते. ती पेशी कॅन्सरची की गालाची याची चौकशी ती करत नाही. आबा मला म्हणाले, "सायेब, जल्मभर तांबडा रस्सा वरपला, कदी जीभ भाजली न्हाई. आन् आता साबुदाण्याची खीर झोंबाया लागलीया. ह्ये काय बरं हाय का?" मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा दिवसातून कितीदातरी, मऊ ब्रश, गार दही, मेतकूट न घातलेला मेतकूट-भात. तोंडाला चव लोखंडाची येते म्हणून स्टीलचा चमचा बंद आणि लाकडी सुरू. आबांनी हे सगळं निमूट केलं, फक्त रविवारी बारा वाजता त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या वेळी गावाकडून सुनेचा व्हिडिओ कॉल यायचा. सून फोन पातेल्यावर धरायची. आबा आधी तवंग बघायचे. "आगं, ढवळ की जरा... तळाचं दाव... हां." मग एकेका नातवाच्या ताटात वाढताना बघायचं, कोण नळी फोडतंय, कोण भाकरी कुस्करतंय, आणि इकडे डोळे स्क्रीनवर ठेवून आबा लाकडी चमच्यानं मऊ भात गिळायचे. हळूहळू चालू शकणारे सगळे आपापले स्टँड ढकलत त्यांच्या कॉटभोवती जमायला लागले. एकदा रेंज गेली, पातेलं अर्धं उघडलेलं असताना. त्या दिवशी वॉर्डात कुणीच नीट जेवलं नाही.

जेवणावरून आठवलं. केमोच्या आधी जे खावं त्याचा पुढे वीट येतो. पोट बिघडल्याचा आळ शरीर शेवटच्या पदार्थावर घेतं. इलीन बर्नस्टाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला: केमोच्या आधी एका नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलेली मुलं पुढे त्या आइस्क्रीमकडे बघेनात. मग त्यातून युक्ती निघाली, की मुलांना मुद्दाम एखादी वेगळ्या, ठसठशीत चवीची गोळी द्यायची, म्हणजे आळ तिच्यावर जातो आणि रोजचं अन्न वाचतं. बळी द्यायचा पदार्थ. हे वाचल्याबरोबर मी बायकोला सांगितलं, की पुढच्या खेपेला डब्यात दुधी आण. लग्नापासून मी दुधीविरुद्ध जो लढा दिला, त्याला विज्ञानाचं पाठबळ मिळत होतं. तिला संशय आला, पण तिनं आणला. मी डोळे मिटून वाटीभर खाल्ला आणि पंप लावून घेतला. शरीरानं आळ घेतला तो भिंतीवरच्या निळ्या सॅनिटायझरवर. आज बँकेच्या दारात त्या वासानं माझ्या पोटात ढवळतं, आणि दुधी मात्र मला आवडायला लागला आहे. बायको आत्याबाईंना सांगते, की सगळे साइड इफेक्ट काही वाईट नसतात.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि महाराष्ट्रात कॅन्सरच्या पेशंटला भेटायला गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हा प्रश्न कायमचा सुटला. "टाटाला दाखवलंत का?" आमचा गौप्यस्फोट जवळच्या नात्यात झाल्यावर जो आला तो हेच म्हणत आला. दाखवलं होतं. टाटात मी दोन प्रकारचे लोक पाहिले. एक माझ्यासारखे, रिपोर्टची फाइल आणि परतीची गाडी असलेले. दुसरे बिहार-बंगालपासून आलेले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब म्हणणारे, नाहीतर समोरच्या फुटपाथवर पथारी टाकलेले. उलटी, जुलाब, तोंडातली साल निघणं त्यांनाही चुकत नाही. फरक इतकाच, की माझ्या कॉटपासून संडास आठ पावलांवर होता आणि तरी मी उंबरठ्याबद्दल कुरकुरत होतो.

भेटायला येणाऱ्यांबद्दल माझी तक्रार फळांपुरती आहे. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की जंतूंशी लढायला अंगात कुणी उरत नाही. अशा वेळी ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की पॅरासिटामॉल घेऊन घरी बसून राहायचं नाही, मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. ही या लेखातली एकमेव गोष्ट मी गंभीरपणे सांगतो आहे. मी असाच पुन्हा भरती झालो. दारावर पाटी: मास्क लावा, हात धुवा, फुलं नकोत, कापलेली फळं नकोत. पाटी वाचून पाहुणे आत यायचे आणि पिशवीतून द्राक्षं काढायचे. "नाशिकची आहेत, आपल्या घरच्या मळ्यातली, यांना काही होत नाही." मला चालत नाहीत म्हटल्यावर ती परत नेणं त्यांना प्रशस्त वाटायचं नाही. मग ते तिथेच बसून, माझ्या देखत, हालहवाल विचारत एकेक द्राक्ष स्वतःच संपवायचे. मी स्टेरॉइडवर असायचो. एकेक द्राक्ष त्यांच्या मास्कखाली जाताना मी आबांसारखा बघत राहायचो. गव्हांकुर, गोमूत्र, पपईच्या पानांचा रस, कुणाच्या तरी साडूला पूर्ण बरं करणारी मध्य प्रदेशातली मुळी, हे सगळं आलं आणि ड्रॉवरमध्ये गेलं. मावशींनी एकदा ड्रॉवर उघडला आणि म्हणाल्या, "काका, दुकान टाकताय का?"

केस गेले ते ठरल्या वेळी, दोन-तीन आठवड्यांत, उशीवर. डोक्याचे जाणार हे माहीत होतं, मिशीचंही मनानं घेतलं होतं. नाकातल्या केसांचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. ते गेल्यावर नाकाला बांध उरत नाही, पाणी सरळ ओठावर. मिशी असती तर तिनं तरी अडवलं असतं. एवढी वर्षं पाटबंधारे खात्यात काढून स्वतःच्या नाकाखाली बंधारा नव्हता.

घरी आलो तेव्हा मी गुळगुळीत होतो. आपल्याकडे गोटा केलेला माणूस दिसला की लोक आधी आवाज खाली आणतात. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो आणला. "काका... घरात कुणी...?" नाही म्हटलं, सगळे ठीक आहेत. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तिरुपतीला जाऊन आलात! तरीच गावी गेलात म्हणत होते." माझ्या तोंडून हो निघून गेलं. लिफ्ट तळाला पोचेपर्यंत ही बातमी इमारतीत पोचली असावी, कारण संध्याकाळी दोन पोरं दारात येऊन म्हणाली, "आजोबा, प्रसाद?"

बायकोनं रात्री बेसन भाजायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीत लाडू वाटले. तिरुपतीचा लाडू असा नसतो, असं दुसऱ्या मजल्यावरचे रेड्डी खाताना म्हणाले, पण वेलदोड्याचं त्यांनी कौतुक केलं. माझ्या भुवया गळल्या तेव्हा मात्र मला वाटलं की आता बिंग फुटणार. कुणाला काही वाटलं नाही. एक आजी एवढंच म्हणाल्या, "बालाजीला यांनी सगळंच दिलं हो."

पुढच्या खेपेला दाखल व्हायच्या आदल्या दिवशी चेअरमन स्वतः घरी आले. मला वाटलं पार्किंग. पण त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि १०१ रुपये माझ्या हातात ठेवले. "वहिनी म्हणाल्या, परत निघालात. आमच्या नावानं हुंडीत टाका, मुलीचं लग्न जमत नाहीये." मी पैसे घेतले, दुसरं काय करणार? दाखल होताना हॉस्पिटलच्या काउंटरवर गरीब रुग्णांच्या निधीत भरले. तिथल्या मुलीनं पावती कुणाच्या नावानं फाडू विचारलं, तेव्हा चेअरमनचं पूर्ण नाव सांगितलं. पावतीवर कॅन्सर विभागाचा गोल शिक्का ठळक उमटला आहे. ती त्यांना नेऊन द्यायची तर सगळंच सांगावं लागेल, आणि मध्यंतरी मुलीचं जमलं. साखरपुड्याचा पेढा द्यायला आले तेव्हा म्हणाले, "काका, पुढच्या वेळी आम्हीच तुमच्याबरोबर येतो."